तैलनाथाचं विरजण

बंद पडलेली गिरणी अचानक पुक-पुक करू लागली आणि देवळापुढं बसलेल्या बायकांना रडू कोसळलं.

मी नुकताच एस.टी.तून उतरलो होतो. हातात पत्र्याची ट्रंक होती, तीन दिवसांच्या प्रवासानं अंग आंबलं होतं. पाथर्डी तालुक्यातलं आमचं बोरखडी गाव जानेवारीत ओसच असतं. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. पण १९७४ सालच्या संक्रांतीनंतरच्या त्या दुपारी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या चार गावांची माणसं लोटली होती. मधोमध पाण्यानं भरलेला मोठा लोखंडी ड्रम, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आणि ड्रममागं पाटावर उभे श्री तैलनाथ महाराज. अंगावर भगवी रेशमी कफनी, कपाळभर भस्म आणि डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा.

"बघा रे बाळांनो, बघा!" महाराजांनी ओगराळं ड्रममध्ये बुडवलं, वरचा पिवळसर थर उचलला आणि चिंध्यांच्या काकड्यावर ओतला. काडी ओढली. काकडा भडकला. "या ड्रममध्ये पाणी कुणी ओतलं?"

"आमी!" गर्दी गरजली.

"कुठल्या विहिरीचं?"

"गावच्या!"

"मग हे तेल कुणाचं?"

"नाथांचं!"

माझ्या शेजारी आमच्या वस्तीवरची रंगुबाई उभी होती. मला ओळखून तिनं माझा दंडच धरला.

"गहिनी, आलास व्हय? आरं, म्या सवता दोन घागरी वतल्या त्यात. नुसतं पानी. म्हाराजांनी चिमूट म्हनून वंजळभर भस्म टाकलं, वरून वलं फडकं झाकलं, अर्धा घंटा भजन झालं, अन् फडकं काढलं तं वर त्याल! त्येच त्याल गिरनीच्या इंजनात घातलं. आईक, आईक कशी चालली!"

ती ऐकत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. त्या डोळ्यांना हसायची माझी हिंमत झाली नाही.

तीन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं. बैल छावणीत गेले आणि छावणीतच मेले. अख्ख्या गावानं दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडली, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. मग गेल्या पावसाळ्यात एकदाचं आभाळ फाटलं, विहिरींना पाणी आलं, आणि घरातला शेवटचा दाणा पेरून लोकांनी ज्वारी केली. ती तरारून आली, कणसं बाहेर पडली, आणि तिकडं दूर अरबांच्या मुलखात लढाई पेटली. तेल महागलं, मग मिळेनासं झालं. आमच्या तालुक्यात डिझेलच्या टाकीपुढं दोन-दोन दिवस रांगा लागायच्या आणि शेवटी पाटी लागायची: तेल संपले. ज्वारीला एकच पाणी हवं होतं. मिळालं तर दाणा भरणार होता, न मिळालं तर कणसं पोचट राहणार होती. विहिरीत वाकून बघितलं की पाणी डोळ्यांना दिसायचं. ते उपसायला इंजिनं होती, इंजिनात घालायला थेंब नव्हता. मोट जुंपायला बैल नव्हते.

अशा गावात कुणी पाण्याचं तेल करून दाखवलं, तर माणसं त्याच्या पाया पडणार नाहीत तर काय करतील?

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "आता नाथांचा गुप्त मंत्र. माझ्यामागं म्हणा. ॐ कोबाल्टाय नमः! ॐ थोरियाय नमः! ॐ मॅग्नेशियाय नमः!"

"ॐ थोरियाय नमः!" रंगुबाईनं भक्तिभावानं हात जोडले.

माझ्या हातातली ट्रंक खाली पडली. तो मंत्र माझा होता.

बिहारमध्ये, कोळशाच्या मुलखात, इंधनावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा होती. नगरला बी.एस्सी. होऊन मी तिथं सहायक म्हणून लागलो होतो. काम एकच, कोळशापासून तेल करायचं. लालबुंद कोळशातून पाण्याची वाफ नेली की दोन वायूंचं मिश्रण मिळतं. ते मिश्रण कोबाल्ट नावाच्या धातूच्या बारीक कणांवरून बेताच्या उष्णतेत नेलं की पलीकडं तेलाचे थेंब पडू लागतात. कोबाल्टचं तेल होत नाही, तो फक्त वायूंची गाठ घालून देतो. त्याचे कण मोकळे ठेवले तर एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं, म्हणून ते एका भुसभुशीत पांढऱ्या मातीवर पसरून बसवायचे. आणि त्यात आणखी थोडी थोरिया किंवा मॅग्नेशियाची पूड मिसळायची. ही धातूंची ऑक्साइडं. एवढ्याशा पुडीनं फार फरक पडतो. कण विखुरलेले राहतात, लवकर थकत नाहीत, तेल जास्त पडतं. पूड जास्त झाली तर मात्र तीच कणांवर चढून बसते आणि काम मंदावतं. कोणती पूड, किती घालायची, हे तपासण्यात माझी दोन वर्षं गेली होती, आणि अजून उत्तर पुरतं हाती आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा पाथर्डीच्या स्टँडवर चहा पिताना मित्रांनी विचारलं, तिकडं काय करतोस? मी फुशारकीनं म्हणालो, "चिमूटभर पूड टाकून तेल करतो." मित्र हसले. शेजारच्या बाकड्यावरचा एक चाळिशीचा माणूस हसला नाही. मच्छिंद्र असं नाव सांगून तो माझ्याजवळ सरकला. पूड कसली, नाव काय, कशी दिसते, किती टाकता, सगळं त्यानं विचारलं आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. ज्ञानाची केवढी आवड, असं वाटून मीही रंगात येऊन सांगितलं.

तोच मच्छिंद्र आता महाराजांच्या मागं शंख घेऊन उभा होता. मला बघून त्यानं ओळखीचं हसू केलं.

महिनाभरापूर्वी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोस्टकार्ड आलं होतं. "तुझी विद्या महाराजांनी आपल्या मुलखात आणली. ऊर भरून आला." ते वाचून मी रजा टाकली होती.

आबांचं नाव आसाराम. गावात पहिलं इंजिन त्यांनी आणलं. पुढं कुणाचंही इंजिन अडलं की आबा पाना घेऊन जायचे, त्यामुळं यंत्राच्या बाबतीत आबांचा शब्द म्हणजे गावाला शेवटचा शब्द. त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते, चेहरा उजळलेला.

"आबा, त्यो मानूस ठग हाय."

"ठग कसा? कोबाल्ट, थोरिया, समदी तुजीच नावं घेतो की."

"नावं माझी हायेत. त्याल त्येचं न्हाई."

"उद्या समद्या गावानं विरजन द्यायचं हाय," ते जणू ऐकलंच नाही असं म्हणाले. "दुधाला विरजन लागतं तसं पान्याला लागतं. घरटी जेवढं त्याल आसंल तेवढं द्यायचं. डिझेल, रॉकेल, काय बी. म्हाराज त्येच्यावर पूजा करनार, अन् अवसंला सातपट परत."

"तुमी काय देनार?"

आबांनी परसातल्या कडब्याच्या गंजीकडं बघितलं. गंजीच्या पोटात आमचं पिंप होतं. तीन महिने रांगांमध्ये उभं राहून, थोडं-थोडं करून त्यांनी ते जमवलं होतं. निदान तीन एकरांना एक पाणी झालं असतं.

मी त्यांच्यापुढं बसलो. त्यांना कळेल असं कसं सांगावं हे मला सुचेना. मग ऊसतोड आठवली. थोरला भाऊ आणि वहिनी त्या वेळी कारखान्याच्या फडातच होते.

"आबा, कोबाल्ट म्हंजी तोडनीची टोळी समजा. माती म्हंजी फड, जिथं टोळी पांगून उभी ऱ्हाती. अन् थोरिया म्हंजी मुकादम. मुकादम कोयता धरत न्हाई, पर टोळी एका जागी गोळा हून गप्पा हानू देत न्हाई. म्हून काम जास्त हुतं. खरं?"

"खरं."

"मंग फडात ऊसच नसंल तर? टोळी लाख चांगली, मुकादम लई हुशार, मोळी कशाची बांधनार?"

आबांनी मान हलवली, कशाचीच नाही.

"आमच्याकडं ऊस म्हंजी कोळसा. कोळशातनं वायू, वायूतनं त्याल. पान्यात कोळसाच न्हाई, आबा. पान्यात कितीबी चिमटी टाका, त्याल येनार कुठनं?"

बराच वेळ ते बोटांनी जमिनीवर रेघा ओढत राहिले. त्यांना समजलं होतं. इंजिनवाल्या माणसाला हे समजायला अवघड नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि मला त्यांचा चेहरा बघवेना.

"समजलं मला. पर तीन एकर भिजंल माझं. बाकी गावाचं काय? रंगुबाईच्या दोन नातवंडांचं काय? गेल्या साली लेकरं सुकडीवर जगली. ह्या साली सुकडी बी न्हाई. तू म्हनतोस खोटं हाय. बरं, खोटं हाय. मंग खरं काय हाय ते दे मला. हाय तुज्याकडं?"

माझ्याकडं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभरात जेमतेम वाटीभर तेल पडायचं.

सकाळी देवळापुढं पिंपं, डबे, बाटल्या घेऊन लोक रांगेत उभे राहिले. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन महाराजांसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "पाण्याचं तेल होत नाही. हे खोटं आहे."

महाराज रागावले नाहीत. उलट प्रेमानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गर्दीकडं वळले.

"अरे, हाच तो तुमच्या गावचा शास्त्रज्ञ! सरकारनं पगार देऊन ठेवलेला! बाळ, देवळापुढं उभा आहेस, खोटं बोलू नकोस. तुमच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट वापरतात का?"

"वापरतात, पण..."

"थोरियाची चिमूट टाकतात का?"

"टाकतात."

"चिमटीनं तेल वाढतं का?"

पाच गावं माझ्याकडं बघत होती. नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं थांबलं असतं, कदाचित. पण ते खोटं झालं असतं. दोन वर्षं मी जे डोळ्यांनी बघितलं होतं ते नाकारायला माझी जीभ वळेना.

"वाढतं," मी म्हणालो. "पण..."

त्या 'पण'पुढचं कुणी ऐकलं नाही. "नाथांचा जय!" असा कल्लोळ उठला, शंख वाजला, आणि मला कुणीतरी बाजूला ढकललं. मी कोळसा म्हणून ओरडलो, वायू म्हणून ओरडलो. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचेना.

मग आबा आले. दोन माणसांच्या मदतीनं पिंप ढकलत आणलं. माझ्याकडं न बघता ते त्यांनी महाराजांपुढं उभं केलं. आसारामनं दिलं म्हटल्यावर मागं कोण राहणार? रंगुबाईनं दिव्यातलं रॉकेलसुद्धा बाटलीत ओतून आणलं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तसं ठेवलं.

दुपारी सगळी पिंपं जीपमागच्या गाड्यात भरून मच्छिंद्र "मठात पूजेला" म्हणून घेऊन गेला. महाराज मागं थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी लांबच्या गावांसाठी पुन्हा चमत्कार व्हायचा होता. त्या गावांचं विरजण अजून यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी देवळाच्या मागं सुन्न बसून होतो. रंगुबाई तिथं शेण गोळा करायला आली. माझ्याशी बोलावं की नाही, या विचारात ती जरा घुटमळली. मग जमिनीकडं बघून म्हणाली,

"आगं बया, मुंग्या किती ह्या!"

देवळामागच्या उतारावर मुंग्यांची जाडजूड रांग लागली होती. एका ओलसर, तपकिरी डागावर त्यांचा नुसता बुजबुजाट झाला होता.

"हितं तर ड्रमातलं उरलंसुरलं वतलं परवा," ती पुटपुटली. "त्यो मच्छिंद्र वतत हुता, म्या बगितलं. रॉकेल सांडलं तर मुंगी फिरकत न्हाई. ह्या कशाला आल्या?"

मी गुडघ्यांवर बसलो. डागातला एक लहानसा खडा उचलून पुसला आणि जिभेवर ठेवला.

गूळ होता.

क्षणभर काही कळेना. तेलाच्या चमत्कारात गुळाचं काय काम? मग एकेक गोष्ट आठवत गेली. अर्ध्या तासाचं भजन. झाकलेलं फडकं. आणि भस्म. तोंडानं महाराज चिमूट म्हणायचे, पण टाकायचे ओंजळीनं. पाणी गढूळ झालं पाहिजे, तळ दिसता कामा नये, त्याचा रंग बदललेला कळता कामा नये.

मी पळत घरी गेलो. आबा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"आबा, उठा. पाच मिनिटं माझं काम करा. मंग आयुष्यभर बोलू नका माझ्याशी."

ते उठले. त्यांना कामाला नाही म्हणायची सवय नव्हती. झाकणाच्या एका पत्र्याच्या डबीला मी वर आणि खाली अशी दोन भोकं पाडली. पिंप भरताना सांडलेलं, आबांनी चिंधीनं टिपून ठेवलेलं वाटीभर डिझेल डबीत भरलं. दोन्ही भोकांत गूळ ठासला. डबी बादलीच्या तळाशी दगडाखाली दाबून ठेवली, वरून पाणी ओतलं आणि ओंजळभर राख टाकली. मग आम्ही दोघं बादलीजवळ बसलो. भजन नव्हतं, म्हणून वेळ जाता जाईना.

बऱ्याच वेळानं गढूळ पाण्यात एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग पाण्यावर रंगीत तवंग पसरला. गूळ विरघळून खालच्या भोकातून पाणी आत शिरत होतं, हलकं डिझेल वरच्या भोकातून बाहेर पडून तरंगत होतं. आबांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. बोट धोतराला पुसत राहिले, कितीतरी वेळ.

मग म्हणाले, "माझ्यामुळं दिलं समद्यांनी."

त्यांनी पागोटं बांधलं, कोपऱ्यातली पहार घेतली आणि चालू लागले.

देवळापुढं नव्या गावांची गर्दी जमली होती. ड्रम अजून रिकामा होता, घागरी भरून तयार होत्या. आबा सरळ पाटापुढं गेले.

"म्हाराज, एक इनंती हाय. पानी वतायच्या आदी मला आत हात घालून बगू द्या."

महाराजांचा चष्मा चमकला. "भक्ता, पात्र सिद्ध केलेलं आहे. विटाळ होईल."

"माझं पिंप नेलं तवा न्हाई झाला इटाळ?"

"मंग माझ्या हंड्यात करा की!" मागून रंगुबाईचा आवाज आला. डोक्यावर हंडा घेऊन ती गर्दीतून वाट काढत येत होती. "घासून आनलाय. तुमची चिमूट खरी, तर भांडं कंचं बी चाललं पायजे."

महाराजांचा आवाज चढला. "नाथांची परीक्षा? तुमची शेतं करपतील! निर्वंश होईल!"

तेव्हा जे झालं ते मी विसरू शकत नाही. लोक महाराजांवर उलटले नाहीत, आमच्यावर उलटले. "आसाराम, मागं हो! आमचं सातपट बुडवतोस काय?" कुणीतरी माझ्या सदऱ्याला धरलं, तो टराटरा फाटला. आमच्याच भावकीतला एक म्हातारा माझ्यापुढं हात जोडून, अक्षरशः रडत म्हणाला, "नगं रं पोरा, नगं बगूस. खरं-खोटं अवसंनंतर बगू. तवर तरी ऱ्हाऊ दे." त्यालाही आतून ठाऊक होतं. पण चार दिवसांची का होईना, आशा त्याला हवी होती.

आबांनी पहार ड्रमच्या बुडाखाली घातली आणि अंग टाकून दाबली.

ड्रम कलंडला, दगडावर आदळला. आत तळाला डाग देऊन बसवलेला, काळा रंग दिलेला पत्र्याचा चौकोनी डबा उन्हात सगळ्यांना दिसला. आदळून त्याचा एक सांधा उकलला होता, आणि त्यातून डिझेल भळाभळा मातीत वाहू लागलं. डब्याच्या दोन्ही तोंडांत ताजा, पिवळाधमक गूळ ठासलेला होता. मी पहारीनं एक ढेकूळ उपटलं आणि त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं.

"खाऊन बगा, नाना."

त्यांनी जिभेला लावलं. "ग्वाड हाय," ते एवढंच म्हणाले.

डिझेल वाहतच होतं. आणि मग बायका खाली बसल्या, पदर आणि चिंध्या त्या चिखलात बुडवून पिळायला लागल्या. कुणी वाटी आणली, कुणी करवंटी. दिव्यापुरतं तरी. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

महाराज तोवर कफनी वर धरून गिरणीमागं पळाले होते. बाहेरगावाहून आलेल्या तरण्यांनी त्यांना बोरीच्या काट्यांतून ओढून आणलं. मारायला हात उठले, पण आबा मधे उभे राहिले. "हात लावू नका. फौजदाराला सांगायला त्येला तोंड लागंल." एस.टी.नं त्यांना पाथर्डीला नेलं. चौकशीत कळलं की हे महाराज पूर्वी सर्कशीत पाण्यावर आग पेटवायचा खेळ करायचे. वाटेत ते माझ्या कानाशी म्हणाले होते, "रागावू नकोस. मी कुणाकडं चोरी केली नाही. त्यांनी हातानं आणून दिलं."

हेच मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

चार दिवसांनी जीप सापडली, रिकामी. मच्छिंद्रनं तेल कुठं विकलं त्याचा पत्ता लागला नाही. शेतात ज्वारीची पानं सुरळ्या व्हायला लागली होती. आता गावात विरजणसुद्धा उरलं नव्हतं.

त्या सकाळी आबांनी माळ्यावरून जुनी लोखंडी मोट खाली काढली. गंज घासला, फुटकी कड ठोकून बसवली. मी विचारलं, "बैल कुठायत, आबा?" ते नाड्याचं, म्हणजे मोट ओढायच्या जाड दोराचं, टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर."

विहिरीच्या धावेवरून, म्हणजे मोटेचे बैल चालतात त्या उतारावरून, आम्ही बापलेक नाडा खांद्यावर घेऊन चालू लागलो. मोट हलली, अर्ध्यावर आली आणि आमचे पाय घसरले. पुन्हा ओढली. पुन्हा घसरलो. तिसऱ्या वेळी मागं वजन हलकं झालं. वळून बघितलं तर रंगुबाईनं नाडा धरला होता. तिच्यामागं नाना. मग एकेक करून माणसं येत गेली. म्हातारे होते, बायका होत्या, त्या दिवशी माझा सदरा फाडणाराही होता. कुणी कुणाची माफी मागितली नाही. चौदा जणांनी मोट वर आणली आणि पाणी पाटात पडलं.

"आदी रंगुबाईच्या वावराला," आबा म्हणाले.

नऊ दिवस आम्ही बैलांसारखे त्या धावेवर चाललो. खांद्यांची सालटं निघाली, तळहातांना फोड आले. दोघा म्हाताऱ्यांनी अंथरूण धरलं. गावातली सारी ज्वारी आम्हाला वाचवता आली नाही, निम्मीसुद्धा नाही. आमचं खालचं शेत डोळ्यांदेखत वाळलं. पण ज्या ज्या वावरात पाणी पोचलं तिथं दाणा भरला, आणि उन्हाळ्यापुरती भाकरी झाली. वाटून खाल्ली, म्हणून झाली.

पुष्कळ जण मला विचारतात, एवढी शहाणी माणसं फसली कशी? ती मूर्ख नव्हती. ती जेरीला आली होती. पोटात आग असली की माणूस प्रश्न विचारत नाही, आणि ठगाला नेमकी तीच वेळ कळते. त्यात तो आता नुसता अंगारा घेऊन येत नाही. तो विज्ञानाचे शब्दही चोरून आणतो, आणि माझ्यासारखा एखादा फुशारकीखोर ते त्याला फुकट देतो. चिमूटभर पुडीनं मोठं काम होतं, हे खरंच आहे. पण ती पूड काम सोपं करते. जे नाहीच, त्यातून ती काही काढत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कुणी तुमच्या गावात चमत्कार घेऊन आलं, तर त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. फक्त म्हणा, भांडं आमचं घ्या, आणि आधी आत हात घालून बघू द्या. ज्याचं खरं आहे तो रागावणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत दारावरच्या शिपायानंसुद्धा नळी उघडून दाखवा म्हटलं, तर आमचे साहेब काम थांबवून पाना त्याच्या हातात द्यायचे.